खाजणाची वाळू

जेवायला बसले की केटासर आधी भाताची एक लांब, अरुंद पट्टी करीत. पट्टीच्या एका बाजूला आमटी, दुसऱ्या बाजूला सोलकढी. आमटी म्हणजे अटलांटिक महासागर, सोलकढी म्हणजे खाजण आणि मधला भात म्हणजे केटा गाव. समोर नवा पाहुणा असला तर सर हे समजावून सांगत; जुना असला तर नुसतेच करीत. घास ते नेहमी कढीच्या बाजूने घेत. आमटीच्या बाजूला बोट लावत नसत. ती बाजू आपोआप ढासळत जाई आणि सर ती पाहत पाहत जेवत.

त्यांचे खरे आडनाव दुबईच्या देरा भागातल्या फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक होते. केटा हे पश्चिम आफ्रिकेत, घानाच्या किनाऱ्यावर, टोगोच्या हद्दीजवळचे जुने गाव. सर मूळचे कोकणातल्या शिरोड्याचे. सत्तरच्या दशकात घानाला बाहेरून शिक्षक हवे होते, तेव्हा ते केटाच्या शाळेत भूगोल शिकवायला गेले. पुढे तिथली घडी विसकटली, दुकाने रिकामी झाली, आणि सर पत्नीसह दुबईला आले. देराच्या धक्क्यामागच्या गल्लीत एक व्यापारी पेढी होती. ती आफ्रिकेला कापड आणि गाड्यांचे सुटे भाग पाठवी. तिथे ते गिऱ्हाइकांचे काम पाहत. मी एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो आणि त्यांच्याच इमारतीत राहत होतो. शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी दुपारचे जेवण त्यांच्याकडे, असे कधीतरी ठरून गेले होते.

केटाला त्यांना मुलगी झाली होती. नाव शुभदा. शेजारीपाजारी तिला अफी म्हणत. त्या मुलखात मूल ज्या वारी जन्मते त्या वाराचे नाव त्याला मिळते, आणि ती शुक्रवारची होती. दोन वर्षांची होण्याआधी ती हिवतापाने गेली. एवढ्या लहान मुलाला आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. जागा कुठली, यावर नवरा-बायकोचे एकमत झाले नाही. सरांच्या पत्नीला सगळे बाई म्हणत. बाईंना घरामागची, खाजणाकडची जागा हवी होती. तिथे कांद्याचे वाफे होते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसत. सरांनी समुद्राकडची, माडांच्या रांगेमागची जागा धरली. शिरोड्याच्या माणसाच्या डोक्यात खाजण म्हणजे चिखल आणि खारी ओल. जिथे माड उभे आहेत तिथली जमीन पक्की. "खाजणात ओल असते, पोरीला तिथे ठेवायचं नाही," असे ते म्हणाले आणि तसेच झाले. त्याच सत्रात ते वर्गात किनाऱ्याची झीज शिकवीत होते. हे त्यांनी स्वतःच मला सांगितले, बाई आत चहा करीत असताना. 

केटाचा किनारा मागे सरकत होता. गाव वाळूच्या एका पट्टीवर वसलेले, पुढे समुद्र, मागे उथळ खाऱ्या पाण्याचे पसरलेले खाजण. समुद्राने रस्ते नेले, घरे नेली, जुन्या डॅनिश किल्ल्याचा निम्मा भाग नेला. सर 'खातो' हा शब्द वापरू देत नसत. "समुद्र जमीन खात नाही, हलवतो. इथली उचलून तिथे ठेवतो. नदी नवी वाळू आणून देत होती तोवर हिशेब जुळत होता. व्होल्टावर धरण झालं आणि किनाऱ्याचं जेवण बंद झालं." हे ते वर्गात सांगावे तसे सांगत. माडांमागची ती जागा पाण्यात जाण्याआधी तिथे बंधारा व्हावा, एवढेच त्यांना हवे होते. त्यांचे पर्यटनाचे वेड, ज्याला लोक हसत, ते सगळे त्यातूनच आले होते.

केटाची बातमी आणणारी ती एसी. टोगोतल्या लोमेची कापडाची व्यापारी, माहेर केटाजवळचे. वर्षातून काही वेळा ती देरात मालाला येई. पेढीत शिरली की सर तिच्या भाषेत तिचे स्वागत करीत, खुर्ची देत, पण कापडाचे तागे लगेच काढीत नसत. आधी विचारीत. एकदा मी तिथे होतो, सर मला वाक्यावाक्याला मराठीत सांगत होते.

"रस्ता?"

"मागच्या खेपेला होता. आता पाण्यात आहे."

"माड?"

"माड आहेत. वाकलेत."

मग सर तागे काढीत. त्या दिवशी घरी गेल्यावर चपला काढता काढता ते म्हणाले, "माड आहेत." बाई म्हणाल्या, "पानं घेऊ ना?"

सरांचे पर्यटनाचे तर्कशास्त्र दुबईत शिकलेले होते. जुमेऱ्याचा किनारा त्यांनी उघडा पाहिला होता आणि पुढे हॉटेलांनी भरलेलाही. दगडाचे बांध आधी आले, मग मऊ वाळू आली, मग छत्र्या आल्या, हा क्रम त्यांनी नीट लक्षात ठेवला होता. "गाव आहे म्हणून भिंत बांधत नाहीत. हॉटेल आलं की भिंत येते," हे त्यांचे वाक्य पेढीतल्या चहावाल्यालाही पाठ होते. म्हणून केटाला हॉटेल यायला हवे. हॉटेल यायला पर्यटक हवेत. आणि सुरुवात कुणीतरी करायला हवी, ती अमिरातीतल्या मराठी माणसांनी का करू नये, असा त्यांचा प्रश्न होता. रजा दोन वर्षांतून एकदा मिळे, तीही शिरोड्याला म्हाताऱ्या आईकडे जाई. त्यामुळे स्वतः न जाता ते इतरांना पाठवायच्या खटपटीत असत.

महाराष्ट्र मंडळात त्यांनी एकदा स्लाइड दाखवल्या. नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. शाळेचा हॉल, खुर्च्यांवर कुटुंबे, मागे बटाटेवड्यांची परात. सरांनी खाजण दाखवले: हिवाळ्यात युरोपातून उतरणारे पक्षी, उथळ पाण्यातल्या लांब काठ्यांच्या होड्या, कोरड्या वर्षी काठावर जमणारे मीठ. वाळूत आखलेले कांद्याचे छोटे हिरवे वाफे दाखवले. किनाऱ्यावर सगळे गाव मिळून जाळे ओढते, त्याला त्यांनी सरळ रापण म्हटले, आणि मालवण-वेंगुर्ल्याची माणसे हसली. हातमागावर अरुंद पट्ट्या विणून त्या जोडून केलेले रंगीत कापड, रात्री वाळूत अंडी घालायला येणारी कासवे. शेवटी किल्ल्याची तळघरे, जिथे गुलाम ठेवत. "हेही पाहायला लोक येतील," सर म्हणाले. "आनंदासाठी नाही. पण येतील. माणसं तीर्थालाही जातातच."

पुढच्या रांगेतल्या एका मुलाने विचारले, "अंकल, इज देअर अ वॉटर पार्क?"

"वॉटर आहे, बाळा. खूप आहे."

त्या मुलाची आई म्हणाली, "सर, पण तिकडे मलेरिया फार असतो ना?"

"असतो. गोळ्या वेळेवर घ्यायच्या," सर म्हणाले. "आम्ही उशीर केला."

पुढची स्लाइड लवकर आली नाही. मागच्या रांगेतून बाई उठल्या आणि बशा मांडायला लागल्या. त्या आवाजाने हॉलमध्ये पुन्हा बोलणे सुरू झाले. त्या वर्षी मंडळाची सहल सिंगापूरला गेली.

सरांची सर्वांत जास्त थट्टा परबशेठ करीत. मालवणचा माणूस, समुद्रातल्या बांधकामांना दगड पुरवण्याचा धंदा, घर रास अल खैमाला. तिथल्या डोंगरातून खडक फोडून तो किनाऱ्या-किनाऱ्याने पाठवी. शुक्रवारी दुबईत असला की तोही जेवायला येई.

"सर, थंय येतलो कोण?" तो म्हणे. "हंयच्या लोकांका शिरोडा खंय ता म्हायत नाय."

"जुमेऱ्याला तरी कोण येत होतं, परब? तू दगड टाकलेस, मग आले."

"मी टाकलंय ते पैशे दिल्यान म्हणून. तुमच्या केटाक कोण देतलो?"

"इन्शाल्ला, कोणीतरी."

"मग इन्शाल्ला दगड धाडतंय," परब म्हणे आणि बाईंकडे आमटी मागे.

एकदा तो सरांना खाण पाहायला घेऊन गेला. मीही होतो. डोंगराच्या पायथ्याशी माणसापेक्षा उंच खडक आकाराप्रमाणे रांगा लावून ठेवले होते. सर एका खडकापाशी थांबले, त्यावर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ऊन होते, दगड तापलेला असणार. "हा दोन-अडीच पिढ्या टिकेल," ते म्हणाले. परब म्हणाला, "सर, ह्यो इकलेलो असा. हॉटेलाचो." सरांनी हात काढून घेतला. परतीच्या वाटेवर परबने थट्टा केली नाही.

दशक संपत आले होते तेव्हा एसी पेढीत आली आणि सरांनी विचारण्याआधीच म्हणाली, "माड पडले." सरांनी त्याच दिवशी रजेचा अर्ज दिला. मालकाने कुरकुर करून मंजूर केला. बाईंना त्यांनी बरोबर चलायला सांगितले, तेव्हा मी दारात होतो.

"तुम्ही या जाऊन," बाई म्हणाल्या. "मला तिथे काय दाखवणार?"

"जागा."

"मी दाखवली होती जागा," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. इतक्या वर्षांत त्या विषयावरचे त्यांचे एवढेच वाक्य मी ऐकले.

परब बरोबर गेला. बंधारा होण्यासारखा आहे का ते बघून येतो, असे कारण त्याने सांगितले. पुढचा तपशील त्याच्याकडून मिळालेला आहे. सरांनी त्याबद्दल कधी काही सांगितले नाही. अदिस अबाबाला विमान बदलून ते अक्राला उतरले आणि मोटारीने पूर्वेकडे निघाले. व्होल्टाच्या पुलापर्यंत सर वाटाड्यासारखे बोलत होते. हे बघ मीठ, हे बघ कांदे, हा बघ ताडाचा बुंधा, याची होडी होत नाही. खाजण दिसू लागले तसे बोलणे कमी झाले. केटा आले तेव्हा बंद झाले.

मुलीला ठेवले त्या दिवशी सरांनी दोन खुणा धरल्या होत्या: किल्ल्याचा खाजणाकडचा बुरूज आणि शाळेची पाण्याची टाकी. दोन्हींची दिशा होकायंत्राने घेतली होती. भूगोलाच्या शिक्षकाला दुसरे काही सुचले नसावे. दोन खुणांवरून काढलेल्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा, हे सातवीतल्या मुलालाही येते. बुरूज उभा होता, टाकीही होती.

"मला म्हणाले, परब, तू टाकीकडून नीघ, मी बुरजाकडून निघतो," परबने मला सांगितले, नेहमीच्या मालवणीत नव्हे. आम्ही त्याच्या मोटारीत बसलो होतो, देरातल्या एका पार्किंगमध्ये, आणि त्याने इंजिन बंद केले नव्हते. "काटा दाखवतो त्या रेषेवर सरळ चालायचं. दोघं भेटू तिथे जागा. मी निघालो. तेही निघाले. मला लांबून दिसत होते. पाय मोजून टाकल्यासारखे टाकत होते. भेटायच्या आधीच पाणी लागलं."

"मग?"

"मग काय. ते त्यांच्या रेषेवर गुडघाभर पाण्यात उभे, मी माझ्या. रेषा पुढे चालल्या होत्या. एक होडी होती तिथे, साधारण तिथेच." त्याने बोटाने मोटारीची काच दाखवली. "जवळ लोक रापण ओढत होते. गाणं म्हणून ओढतात, आपल्यासारखंच. सर गेले आणि दोर धरला. कुणी काही विचारलं नाही. जाळं पूर्ण बाहेर येईपर्यंत ओढत होते. हात सोलले."

जाळे रिकामे झाल्यावर सर घर शोधायला गेले. घराचा समुद्राकडचा भाग पडलेला होता. मागची भिंत शाबूत होती, तिच्यात स्वयंपाकघराची खिडकी होती, आणि खिडकीपलीकडे कांद्याचे वाफे, पूर्वी होते तसेच, हिरवे. कसणारे कुटुंब नवे होते. त्या कुटुंबातल्या म्हातारीने हा माणूस कोण ते समजून घेतले आणि कांद्यांची एक जुडी बांधून दिली. परबला बंधाऱ्यासाठी किनारा पाहायचा होता. तो त्याने पाहिला नाही.

परतल्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही नेहमीप्रमाणे जेवायला बसलो. सरांच्या तळहातांवर खपल्या धरलेल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीतली जुडी बाईंनी हातात घेतली, पात सुकली होती, ती त्यांनी हुंगली. मग एक छोटा लाल कांदा सोलून चार फोडी केल्या आणि सरांच्या ताटात ठेवल्या.

"मागचे वाफे आहेत अजून," सर म्हणाले.

"असणारच," बाई म्हणाल्या.

सरांनी ताट पुढे केले, आमटी भातावर घालायला सांगितली आणि सगळ्यांसारखी कालवून जेवले. पुढे त्यांनी भाताची पट्टी केली नाही.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्यांचा लेख माझ्याकडे आधीच आलेला होता: केटाची भूरचना, हवामान, सहारातून येणाऱ्या कोरड्या हरमॅटन वाऱ्याचे दिवस, जायचा रस्ता, पाहण्याची ठिकाणे, हॉटेलासाठी योग्य जागा. लेख चांगला होता. त्यात मुलीचा उल्लेख नव्हता. छापू नका असे ते म्हणतील असे मला वाटले. ते म्हणाले, "छापा. फक्त पर्यटकांनी दुपारी माडांखाली विसावा घ्यावा, ते वाक्य काढा. माड नाहीत." एवढी एक दुरुस्ती करून लेख छापला. कुणी विचारले, सर, केटाच्या टूरचे काय झाले, तर ते "खलास" म्हणत आणि हसत. त्या हसण्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारीत नसे.

त्यानंतर एक-दोन वर्षांत जुमेऱ्यासमोर समुद्रात वाळू टाकून नवे बेट करण्याचे काम सुरू झाले. परबला त्यात दगडाचे काम मिळाले होते. एका संध्याकाळी सर मला किनाऱ्यावर घेऊन गेले. लांबवर एक जहाज उभे होते आणि त्याच्या नाकातून वाळूची मोठी कमान पाण्यात पडत होती. रोज पडत होती. सर शिक्षकाच्या नजरेने ती पाहत राहिले, रंग, जाडी, किती लांब पडते ते. जाताना म्हणाले, "जगात वाळू आहे. पुरेशी आहे." यात तक्रार नव्हती. चाचणीचा निकाल वाचावा तसे ते म्हणाले होते.

पुढच्या उन्हाळ्यात पेढीतच त्यांच्या छातीत दुखू लागले आणि रुग्णालयात दुसऱ्या दिवशी ते गेले. कागदपत्रे परबने पाहिली. एसी नेमकी त्या आठवड्यात मालाला आलेली होती. ती बाईंच्या शेजारी जमिनीवर बसून राहिली. बाईंनी घर आवरले आणि त्या शिरोड्याला गेल्या. अस्थी त्यांनी तिथल्या समुद्रात सोडल्या. नदीत का नाही, असे भाऊबंदांनी विचारले. बाई म्हणाल्या, "समुद्राकडची बाजू त्यांचीच होती."

सरांना जाऊन वर्ष-दीड वर्ष झाले असेल. वृत्तसंस्थेच्या मजकुरात एक लहान बातमी आली. केटाला दगडी बंधारे पूर्ण झाले होते, समुद्राने नेलेली काही जमीन भरून काढली होती, घरे गेलेल्या लोकांना तिथे वसवत होते. हॉटेलाचा उल्लेख नव्हता. भिंत गावासाठी आली होती. मी ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत घेतली आणि मूळ मजकूर खिशात ठेवला. रजेवर आलो तेव्हा शिरोड्याला गेलो.

बाईंनी जेवायला वाढले. ओटीवरून मिठागरे दिसत होती. मी त्यांना बातमी मराठीत सांगितली. त्या ऐकत होत्या, हातातली पळी तशीच होती.

"जमीन भरली म्हणजे कशाने भरली?" त्यांनी विचारले.

"वाळूने. खाजणातली वाळू पंपाने उपसून समुद्राकडे टाकली."

बाई खाली बसल्या. स्वतःचे ताट पुढे ओढले आणि भाताची एक लांब, अरुंद पट्टी केली. एका बाजूला आमटी वाढली, दुसऱ्या बाजूला सोलकढी. त्यांना हे करताना मी कधी पाहिले नव्हते. आमटीच्या बाजूने पट्टी थोडी ढासळू दिली. मग कढीकडचा भात चमच्याने उचलला, आमटीत ठेवला, वरून दाबला.

"असं?"

"असंच."

"ती होती तिथेसुद्धा?"

बातमीत तेवढे नव्हते. दोन रेषांची गोष्ट मला परबकडून माहीत होती, भरलेली जमीन कुठपर्यंत गेली आहे ते माहीत नव्हते. तसे मी सांगितले.

बाईंनी मान हलवली. "आपल्या वाफ्यांचीच वाळू ती," त्या म्हणाल्या. चमचा बाजूला ठेवून त्यांनी दाबलेली जागा बोटाने नीट सारखी केली, आणि त्या बाजूला हात न लावता जेवल्या.